आज काळी चार, उद्या पांढरी दोन

‘वाचकांचे प्रश्न’ या सदरासाठी गेल्या अंकात आम्ही वाचकांना आवाहन केले होते, की गायकांच्या साथीला गावोगाव हिंडणाऱ्या एका संवादिनीवादकांना (संवादिनी म्हणजे हार्मोनियम, आपली पेटी) विचारण्यासाठी प्रश्न पाठवावेत. हे वादक मिरजेत राहतात आणि ३४ वर्षे शास्त्रीय व नाट्यसंगीताच्या मैफलींना साथ करीत आहेत. नाव छापू नये, एवढीच त्यांची अट होती. ‘पेटीवाल्याचे नाव जाहिरातीत शेवटी असते, येथे नसले तरी कोणाचे अडणार नाही,’ असे त्यांनी कळवले. आलेल्या पत्रांतील काही प्रश्न आणि त्यांची उत्तरे पुढे देत आहोत.

आपण सतत हिंडतीवर असता. ३६ वर्षे एकाच शाखेत, जवळपास एकाच टेबलाशी काढलेल्या माझ्यासारख्याला त्याचा हेवा वाटतो. इतकी गावे पाहून आपल्या हाती काय लागले?
(निवृत्त बँक कर्मचारी, सातारा)

आपला हेवा मला मोडायचा नाही, परंतु ‘पाहणे’ हा शब्द मात्र थोडा दुरुस्त करावा लागेल. धारवाडला मी चाळीस वेळा तरी गेलो असेन. तिथला पेढा दर खेपेला आमच्या घरी आला. साधनकेरीचा तलाव मात्र मी पहिल्यांदा पाहिला तो दौरे सुरू केल्याच्या पंचविसाव्या वर्षी, आणि तोही गाडी बिघडली व दुरुस्तीला तीन तास लागले म्हणून. आम्ही गावात शिरतो दुपारी, सामान उतरवतो, आवाजाची चाचणी करतो, कपडे बदलतो, वाजवतो, जेवतो आणि निघतो. देऊळ, किल्ला, बाजारपेठ या गोष्टी आम्हाला गाडीच्या काचेतून दिसतात.

मात्र गाव ओळखण्याची आमची एक वेगळी रीत आहे. कोणत्या नाट्यगृहात सामान न्यायचे दार मागच्या बाजूला आहे आणि त्याला किती पायऱ्या आहेत, कुठे रंगमंचाची फळी पोकळ असल्याने तबल्याचा डग्गा उगाच घुमतो, कुठे शेवटच्या रांगेपर्यंत आवाज ध्वनिक्षेपकाशिवाय पोहोचतो, हे मला झोपेतून उठवून विचारले तरी सांगता येईल. गोव्यातल्या देवळांचे सभामंडप बाजूंनी मोकळे असतात, त्यामुळे सूर बाहेर जत्रेच्या गजरात निसटून जातो आणि आपण काय वाजवले ते आपल्यालाच नीट ऐकू येत नाही. पण समोर बसलेल्या श्रोत्याला नाट्यपदातली जागा न् जागा पाठ असते, तेव्हा आपल्याला ऐकू आले नाही ही सबब तिथे चालत नाही.

कोल्हापूरच्या केशवराव भोसले नाट्यगृहाविषयी एक सांगतो. शाहू महाराजांनी १९१५ मध्ये ‘पॅलेस थिएटर’ म्हणून उभारलेली ती वास्तू ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री आगीत जळाली, तेव्हा मी विदर्भात दौऱ्यावर होतो. फोनवर चित्रफीत पाहताना मला त्या वास्तूचा इतिहास आठवला नाही. विंगेतला डाव्या हाताचा कोपरा आठवला, जिथे मी दर वेळी पेटीचे खोके उघडत असे. आपल्याला आपल्या शाखेतले टेबल आठवत असेल, तसेच काहीसे ते असावे.

मी कोकणात संवादिनी शिकवतो. घाटावरून येणाऱ्या वादकांच्या पेट्या इथे आल्यावर हमखास कुरकुरतात. प्रवासात पेटी कशी सांभाळावी? आणि दर कार्यक्रमाला गायकाची पट्टी बदलते, त्याचे काय करता?
(संगीत शिक्षक, रत्नागिरी)

आपला प्रश्न वाचून बरे वाटले, कारण दौऱ्यावर असताना माझ्या डोक्यात रागांपेक्षा हाच विषय अधिक वेळ असतो. मिरजेहून निघून आंबा घाट उतरला, की अवघ्या काही तासांत पेटी एका हवेतून दुसऱ्या हवेत जाते. देशावरच्या कोरड्या हवेला सरावलेले लाकूड तुमच्याकडची दमट हवा पिते आणि फुगते. पहिली तक्रार पट्ट्यांची असते: दाबलेली पट्टी वर येत नाही, शेजारणीला घासते, आणि ऐन आलापीत एखादा सूर कोणी न विचारता बोलत राहतो. त्यानंतर भात्याचे चामडे सैल पडते व हवा धरेनासे होते. आतले सूर, म्हणजे हवेने थरथरणारी जीभ असलेल्या छोट्या पट्ट्या, पितळेचे असल्याने फुगत नाहीत, पण दोन पावसाळे दुर्लक्ष झाले तर त्यांच्यावर हिरवट कळंक चढतो आणि सुराचा आवाज दबतो.

यावर माझ्याकडे एकच खरा उपाय आहे, आणि तो म्हणजे वेळ. कार्यक्रम सातला असेल तर पेटी चारला त्या सभागृहात पोहोचलेली असते. खोके उघडून, वरची जाळी काढून, भाता हलक्या हाताने चार-सहा वेळा चालवून मी तिला तशीच बसू देतो. वातानुकूलित गाडीतून उतरवून दहा मिनिटांत वाजवायला घेणे हा तिच्यावर अन्याय आहे. माणसाला थंडीतून एकदम उन्हात उभे केले तर त्याचेही डोके दुखते. सोबतच्या पिशवीत बारीक स्क्रूड्रायव्हर, पट्टीखालच्या दोन-तीन जादा स्प्रिंगा, मऊ चामड्याची पट्टी, कापूर आणि जुन्या व्हिजिटिंग कार्डाचा तुकडा असतो. एखादा सूर घोगरा झाला तर दहांपैकी नऊ वेळा त्याच्या जिभेखाली धुळीचा कण अडकलेला असतो, आणि कार्डाचा कोपरा हळूच सरकवला की तो निघतो. कापूर झुरळांसाठी. चामडे त्यांना फार आवडते.

एक गोष्ट मात्र विद्यार्थ्यांना आवर्जून सांगा, की सूर उतरला असे वाटले म्हणून प्रवासात तो घासायला घेऊ नये. जिभेचे टोक घासले की सूर चढतो, बुडाशी घासले की उतरतो, हे सर्वांना ठाऊक असते, म्हणूनच हात शिवशिवतात. परंतु एकदा गेलेले पितळ परत येत नाही. ज्या पेटीचा पंचम (प) कोकणात उतरल्यासारखा वाटला, तोच परत मिरजेला आल्यावर जागेवर बसलेला मी अनेकदा अनुभवला आहे.

आता पट्टीविषयी, म्हणजे गायक ज्या सुराला आपला षड्ज (सा) मानतो त्याविषयी. पेटीच्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या क्रमांकावरून तिला नाव असते. काल काळी चारमध्ये गाणाऱ्या बाईंना साथ केली, आज पांढरी दोनमध्ये गाणारे बुवा आहेत, परवा काळी एक. तबलजीला त्यासाठी टिपेचा आणि खर्जातला असे निरनिराळे तबले बाळगावे लागतात. आमची सोय स्केलचेंजर पेटीने होते, कारण तिच्यात पट्ट्यांची चौकटच सुरांवरून सरकवता येते आणि बोटांची वाट तीच राहते. या सोयीची किंमत आहे. पेटी एकाच षड्जाला धरून जुळवली तर तिचा गांधार (ग) तानपुऱ्यातून उमटणाऱ्या गांधाराशी मिळवता येतो. हा गांधार बाराही स्वरांमधली अंतरे सारखी ठेवलेल्या पेटीच्या गांधारापेक्षा दोन शेजारच्या पट्ट्यांमधल्या अंतराच्या साधारण सातव्या हिश्श्याने खाली असतो. ऐकायला हे अंतर किरकोळ वाटेल. यमन रागात गायकाने गांधारावर मुक्काम केला आणि पेटीही तिथे थांबली, की ते किरकोळ राहत नाही. एकाच गायकाबरोबर जन्म काढणाऱ्याने पेटी त्यांच्या षड्जाला जुळवून घ्यावी. आमच्यासारख्या दररोज नव्या षड्जाशी संसार मांडणाऱ्याला समान अंतरांची पेटीच घेऊन फिरावे लागते, आणि अशा ठिकाणी न थांबण्याची युक्ती अंगी बाणवावी लागते. गायक गांधारावर स्थिरावला की मी हात हलका करतो किंवा षड्ज-पंचमावर सरकतो. डॉ. विद्याधर ओक यांनी बावीस श्रुतींची, म्हणजे स्वरांतले सूक्ष्म भेद वाजवता येणारी पेटी सिद्ध केली आहे आणि तिच्यामागचा विचार मला पटतो; पण माझ्या बोटांना लहानपणापासून लागलेली वाट या वयात बदलण्याचे धैर्य मला झाले नाही.

माझा मुलगा १९ वर्षांचा आहे. पदवीचे शिक्षण अर्धवट सोडून साथीदार व्हायचे म्हणतो. त्याच्या हातात गुण आहे, असे त्याचे गुरुजी सांगतात. या फिरत्या आयुष्यात पोट भरते का? संसार होतो का? कृपया गोड बोलू नये.
(एक आई, सोलापूर)

आपण शेवटचे वाक्य लिहिलेत म्हणून उत्तर सोपे झाले. त्याला पदवी पूर्ण करू द्या. उरलेली दोन वर्षे गेली म्हणून हात मागे पडत नाही, आणि ज्या दिवशी एखाद्या शाळेत संगीत शिक्षकाची जागा निघते, त्या दिवशी विशारदचे प्रमाणपत्र आणि पदवीचा कागद या दोन्हींची आठवण होते. रंगमंचावर त्यांपैकी काहीच कोणी विचारत नाही, हेही खरे.

पोट भरते, परंतु बारा महिने सारखे भरत नाही. गणेशोत्सवात आमचा हंगाम उघडतो, पितृपंधरवड्यात मिटतो, नवरात्रात पुन्हा उघडतो आणि कोजागरी, दिवाळी पहाट, हिवाळ्यातले संगीत महोत्सव असे करीत गुढीपाडव्यापर्यंत चालतो. डिसेंबर-जानेवारीत एका दिवसाच्या तीन तारखा विचारल्या जातात व दोन नाकाराव्या लागतात. आषाढ-श्रावणात तोच फोन दिवसचे दिवस वाजत नाही. थंडीत मिळवायचे आणि पावसात पुरवायचे, हा शेतकऱ्याचा हिशेब आहे, नोकरदाराचा नव्हे, आणि तो घरातल्या सर्वांना ठाऊक असावा लागतो. माझे घर वर्षभर चालले ते शिकवण्यांवर. दौऱ्यांमुळे त्यांचेही तास सतत पुढे-मागे होत, आणि काही विद्यार्थी त्याच कारणाने सोडून गेले.

बिदागीबद्दल तरुण मुले संकोचाने बोलत नाहीत, आणि फसतात. प्रवासखर्च धरून की वगळून, मुक्कामाची सोय कोणाची, पैसे मुख्य कलाकाराकडून मिळणार की आयोजकांकडून, हे तारीख देतानाच विचारून घ्यावे. मी तरुण असताना एका मोठ्या गावातल्या संस्थेचे तीन कार्यक्रम ओळीने केले आणि ‘पुढच्या वेळी एकदम देऊ’ या शब्दावर रिकाम्या पाकिटाने परतलो. पुढची वेळ आली नाही. दोष त्यांचा होता हे खरे, पण विचारण्याची लाज मला वाटली होती, हेही तितकेच खरे.

आपल्या पत्रात ‘साथीदार म्हणजे दुय्यमच ना’ अशीही एक ओळ आहे. पेटीवर तो आरोप जुना आहे. आकाशवाणीने १९४० साली तिला स्टुडिओतून बाहेर काढले आणि १९७१ पर्यंत दार बंद ठेवले. त्या तीस वर्षांत पेटीवाला गायकाबरोबर गावोगाव हिंडत असे, रात्र-रात्र साथ करीत असे, आणि तोच गायक ध्वनिमुद्रणासाठी आत गेला की सारंगीवाल्याला वाट देऊन बाहेर बाकावर बसत असे. दुसरी बाजूही आहे. त्या बंदीच्या कितीतरी आधी, गायक भास्करबुवा बखल्यांची साथ करणाऱ्या गोविंदराव टेंब्यांनी १९११ मध्ये ‘मानापमान’च्या चाली बांधल्या आणि १९१३ मध्ये बालगंधर्व व गणपतराव बोडस यांच्याबरोबर गंधर्व नाटक मंडळी उभी केली, आणि आमच्याच काळात गोव्यातल्या बोरी गावातून आलेल्या पं. तुळशीदास बोरकरांना २०१६ साली पद्मश्री मिळाली. अर्थात ही उदाहरणे मोठ्यांची झाली, आणि मोठ्यांची उदाहरणे देऊन कोणाच्या मुलाला धंद्यात उतरवू नये. मधल्या फळीतला वादक कसा जगतो, हेच आपण विचारायला हवे होते आणि तेच आपण विचारलेत.

राहता राहिला संसार. दिवाळी पहाट हा प्रकार रसिकांना फार प्रिय आहे आणि आमचा तो हंगामाचा कळस आहे. त्यामुळे गेली वीस-बावीस वर्षे नरकचतुर्दशीच्या पहाटे मी घरी नाही. पहाटे चारला मी परक्या गावातल्या लॉजच्या न्हाणीघरात कोमट पाण्याने अंघोळ उरकत असतो, आणि आमच्या घरचे अभ्यंगस्नान मी परत येईन तेव्हा, बहुधा दुपारी दोन-अडीचला होते. मुली लहान होत्या तोवर दिवाळीची अंघोळ दुपारीच करतात, असेच त्यांना वाटत असे. थोरली सासरी गेल्यावर पहिल्या दिवाळीत तिने फोन करून सांगितले, की इथे पहाटे साडेचारला उठवतात. पत्नीने मात्र या गमतीवर कधी हसून दाखवले नाही. तिची नोकरी होती, तिच्या पगारातून घराचे हप्ते गेले, आणि मुलींच्या आजारपणातल्या बहुतेक रात्री तिने एकटीने काढल्या. साथीदाराचा संसार होतो का, या प्रश्नाचे उत्तर देण्याचा अधिकार खरे तर तिचा आहे. मी तिला विचारले. ती म्हणाली, ‘त्या मुलाला सांगा, लग्न ठरवताना मुलीला डिसेंबर महिन्याचे वेळापत्रक दाखव.’

दौऱ्यात जेवणाखाण्याचे काय करता?
(गृहिणी, नागपूर)

कार्यक्रमाआधी दोन इडल्या किंवा साधा वरणभात, कार्यक्रमानंतर जे मिळेल ते. यजमान प्रेमाने पुरणपोळी वाढतात ती नेमकी वाजवण्याच्या तासभर आधी. ती मी डब्यात बांधून मागतो. आपल्याकडच्या सावजी रश्श्याला मी मान देतो, पण दुसऱ्या दिवशी कार्यक्रम नसेल तेव्हाच.

माझ्या तरुणपणी कुंदगोळला, पुण्याला रात्ररात्र मैफली चालत. आता रात्री दहाला सारे आटोपते. कलाकारांना याचे वाईट वाटते का, की लवकर सुटका होते म्हणून बरे वाटते?
(ज्येष्ठ श्रोते, बेळगाव)

दोन्ही वाटते, आणि कोणते अधिक, ते वयावर अवलंबून आहे. पार्श्वभूमी सांगायची तर, ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० साली आले आणि रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत उघड्यावरच्या ध्वनिक्षेपकांना मनाई झाली. सणासमारंभांसाठी वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस मध्यरात्रीपर्यंतची सवलत राज्य सरकार देऊ शकते. बंदिस्त सभागृहांना ही मनाई जशीच्या तशी लागू नाही, पण तिथे सभागृहाच्या वेळा आणि कर्मचाऱ्यांच्या पाळ्या आड येतात. पं. भीमसेन जोशी यांनी १९५३ मध्ये सुरू केलेला सवाई गंधर्व महोत्सवदेखील पूर्वी रात्रभर चाले; आता त्याची सत्रे दुपारी सुरू होतात.

रागांपुरते बोलायचे तर दरबारी आणि मालकंस हे उशिरा रात्रीचे राग आता घाईत ऐकावे लागतात, आणि ललित, भटियार हे राग पहाटेच्या खास कार्यक्रमांपुरते उरले. रात्रभर जागलेल्या मैफलीत पहाटे जो ललित लागे, त्याला श्रोत्यांच्या आणि आमच्या थकव्याचाही हातभार असे. चार तास झोप काढून, आंघोळ करून लावलेला ललित वेगळा असतो. पण एक गोष्ट तक्रार करणारे विसरतात. दुपारची सत्रे आली म्हणून शुद्ध सारंग, भीमपलास, मुलतानी हे राग मोठ्या श्रोतृवृंदापुढे नियमाने होऊ लागले. माझ्या उमेदवारीच्या काळात मी पाच-सात वर्षांत एकदाही जाहीर मैफलीत मुलतानीला साथ केली नव्हती. आता वर्षाला दोन-तीनदा होते.

खरा फरक पडला तो प्रवासात, आणि तो श्रोत्यांना दिसत नाही. पूर्वी भैरवी संपे तेव्हा उजाडलेले असे. चहा घेऊन आम्ही पहिली एसटी किंवा पॅसेंजर पकडत असू आणि दिवसाउजेडी, डुलक्या घेत घरी पोहोचत असू. आता साडेदहाला पेटी बांधली जाते, अकराला जेवण होते, आणि दुसऱ्या दिवशी दुसरीकडे कार्यक्रम असतो म्हणून साडेअकराला गाडी निघते. दिवसभर गाडी चालवून, तीन तास बाहेर डासांत बसून राहिलेला चालक त्या वेळी घाट चढायला घेतो. रात्रीच्या परतीच्या प्रवासात कलावंत दगावल्याच्या बातम्या आपण सर्वांनी वाचल्या आहेत. सात वर्षांपूर्वी चोर्ला घाटात आमचा चालक क्षणभर पेंगला आणि गाडी कठड्याला घासून थांबली. तेव्हापासून मी कार्यक्रमानंतर मुक्कामच करतो, दुसऱ्या दिवशीची लांबची तारीख सोडून देतो, आणि यामुळे काही गायकांनी मला बोलावणे बंद केले आहे. त्यांना मी दोष देत नाही. आयोजकांना मात्र माझे एवढेच सांगणे आहे, की मंचाच्या फुलांवर खर्च होतो त्याच्या काही अंशात तीन खोल्या मिळतात.

गायक आणि साथीदार दहा-बारा तास एका गाडीत असतात. काय बोलता? भांडणे होतात का?
(गायनाची विद्यार्थिनी, पुणे)

भांडणाचे मुख्य कारण एसी. गायकाला घशासाठी तो बंद हवा असतो, तबलजीला वाद्याच्या शाईसाठी दमटपणा नको असतो, आणि मी मधे असतो. यापलीकडे एक अलिखित रिवाज आहे: जाताना पोटभर गप्पा, पोहोचण्याआधी शेवटचा तास शांतता. त्या तासात गायक ओठांतल्या ओठांत काहीतरी गुणगुणत असतो आणि मी खिडकीबाहेर पाहत असल्याचे दाखवून कान तिकडे लावलेला असतो. संध्याकाळी कोणता राग येणार, हे बहुतेकदा मला त्या तासातच कळते. कोणी सांगत नाही आणि मी विचारत नाही.

पूर्वीचे कलाकार स्वतःच गाडी हाकत. पं. भीमसेन जोशींचे गाडीचे वेड सर्वश्रुत होते, आणि त्यांच्या विमानप्रवासांमुळे रसिक त्यांना प्रेमाने ‘हवाईगंधर्व’ म्हणत. दौऱ्यातला गाणारा माणूस म्हटले, की मला मात्र उस्ताद अब्दुल करीम खाँ आठवतात, कारण ते आमच्या मिरजेचे झाले. ऑक्टोबर १९३७ मध्ये ते मद्रासहून पाँडिचेरीकडे रेल्वेने निघाले होते. वाटेत अस्वस्थ वाटू लागले म्हणून सिंगपेरुमाळकोविल नावाच्या लहानशा स्थानकावर उतरले, आणि २७ तारखेच्या रात्री तिथेच त्यांचे प्राण गेले. त्यांना मिरजेत आणून दर्ग्याच्या आवारात दफन केले गेले. त्यांच्या स्मरणार्थ दरवर्षी उरुसात होणाऱ्या संगीतसभेत मी अनेकदा वाजवले आहे, आणि वर्षभरातला तो एकच कार्यक्रम असा असतो, जिथून मी पेटी सायकलरिक्षाच्या अंतरावर घरी घेऊन येतो.

आम्ही इकडचे मंडळवाले कलाकारांना बोलावतो, घरी ठेवतो. आमच्याकडून काय चुकते ते मोकळेपणाने सांगाल का?
(महाराष्ट्र मंडळाच्या कार्यकर्त्या, न्यू जर्सी)

तुमच्याकडून फार थोडे चुकते. परदेशातले मराठी मंडळ ही जुनी गोष्ट आहे, लंडनचे मंडळ १९३२ चे आहे आणि उत्तर अमेरिकेतले बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१ पासून आहे, त्यामुळे आदरातिथ्याची घडी आता बसली आहे. अडचण वेळापत्रकाची असते. तुमच्याकडे कार्यक्रम फक्त शुक्रवार, शनिवार आणि रविवारी होतात. त्या तीन दिवसांत तीन शहरे आणि चार विमाने होतात. आणि मग सोमवारी सकाळी यजमान कामावर जातात, मुले शाळेत जातात, आणि आम्ही गुरुवारपर्यंत एका सुंदर, शांत, बाहेर पडायला गाडीच लागणाऱ्या घरात बसून राहतो. पहिल्या दौऱ्यात मला वाटले होते, की रियाझाला भरपूर वेळ मिळेल. प्रत्यक्षात मी चार दिवस भांडी घासली, कारण काहीतरी करावेसे वाटत होते. त्यानंतरच्या दौऱ्यांत मला त्या घरांतले आजी-आजोबा सापडले, सहा महिन्यांसाठी मुलाकडे आलेले आणि आमच्यासारखेच दिवसभर खिडकीशी बसलेले. एका घरी आजोबांनी तीन दिवसांत माझ्याकडून सात नाट्यपदे वाजवून घेतली आणि स्वतः गायली. पट्टी काळी एक आणि पांढरी दोनच्या मधली, जी पेटीत नसते.

दोन विनंत्या मात्र आहेत. हिवाळ्यात बोलावत असाल तर पेटी हीटरच्या झडपेजवळ ठेवू देऊ नका. कोकणात लाकूड फुगते तसे तुमच्या तापवलेल्या कोरड्या घरांत ते आकसते, सांधे उघडतात आणि भाता हवा गमावतो. आणि विमानाच्या सामानाचा विचार आधी करा. स्केलचेंजर पेटी प्रवासी खोक्यासह वीस किलोच्या पुढे जाते. आपल्याकडे देशांतर्गत विमानात बहुधा १५ किलोच चालतात, त्यामुळे जादा पैसे भरणे मला सवयीचे आहे, पण तुमच्याकडच्या लहान विमानांत ती कधीकधी घेतच नाहीत. तिथल्याच एखाद्या शिक्षकाची चांगली पेटी मिळत असेल, तर ती कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी माझ्या हाती द्या. परक्या पेटीशी ओळख व्हायला एक संध्याकाळ पुरते, अर्धा तास पुरत नाही.

पेटीला बसमध्ये तिकीट लागते का?
(इयत्ता सहावी, चिपळूण)

लागते, बाळा. एसटीत ठरावीक वजनापुढच्या सामानाचे तिकीट काढावे लागते. मी तरुण होतो तेव्हा दर प्रवासात पेटीवरून आमची कंडक्टरसाहेबांशी थोडी घासाघीस होत असे, कारण ती मांडीवर ठेवतो म्हटले तर सामान नव्हे आणि खाली ठेवली तर सामान. एकदा कराडहून चिपळूणला, म्हणजे तुझ्याच गावाला येत होतो. कंडक्टरसाहेबांनी खोके उघडायला लावले, आत खरोखर पेटी आहे हे पाहिले, तिकीट फाडले आणि म्हणाले, ‘आता पैसे घेतलेत तर वाजवा.’ कुंभार्ली घाट उतरून बस खाली येईपर्यंत मी मांडीवर पेटी घेऊन अभंग वाजवले, आणि वळणावर भाता आपोआप उघडत असल्याने सूर मधेच मोठा होत असे. प्रवाशांना वाटले, की ते मी मुद्दाम करतो आहे.

ते तिकीट पेटीच्या झाकणाला आतून चिकटवलेले आहे, आकडे आता पुसट झालेत. चिपळूणला आमचा कार्यक्रम झाला तर दाखवीन. मध्यंतरात ये, कारण संपल्यावर आम्ही बांधाबांधीत असतो.